बोज्याच्या फाईलीतलं पंधरावं पान

१

साहेबांनी फाईल माझ्या टेबलावर आपटली आणि पानांच्या कोपऱ्यातल्या लाल आकड्यांवर बोट ठेवलं.

"वाच. मोठ्यानं वाच."

"चौदा," मी म्हणालो. पान उलटलं. "सोळा."

"मधलं पान कुठं गेलं?"

मी पानं पुन्हा उलटून पाहिली. वाहन नोंदणी कचेरीत तीन नंबरच्या खिडकीत बसून मला अकरा वर्षं झाली होती. ते पंधरावं पान मीच माझ्या हातानं त्या फाईलीत ओवलं होतं.

फाईल होती एका मळक्या पांढऱ्या, बंद डब्याच्या गाडीची. ती बर्फाच्या लाद्या वाहायची. तिच्या मालकांना सगळे बर्फवाले आजोबा म्हणायचे. त्यांचा कारखाना बसला, तीन वर्षांचा वाहनकर थकला आणि सहा महिन्यांपूर्वी करवसुली कार्यालयानं आम्हाला पत्र पाठवून गाडीवर बोजा चढवला. ते पान चौदा.

बोजा म्हणजे काय, हे मी खिडकीत दिवसातून दहा वेळा सांगतो. कर थकला की सरकारचा हक्क गाडीवर बसतो आणि मालक बदलला तरी तो गाडीबरोबरच जातो. म्हणून बोजा उतरल्याशिवाय आम्ही गाडी दुसऱ्याच्या नावावर करत नाही. कुणी तशीच विकत घेतली, तर वसुलीची माणसं नव्या मालकाच्या दारातून गाडी ओढून नेतात आणि त्याचे पैसे जातात ते जातातच.

दोन महिन्यांपूर्वी आजोबांनी स्वतः येऊन एक पत्र दिलं होतं. कर भरला, बोजा उतरवावा, असं त्यात होतं. खाली करवसुली कार्यालयाची सही आणि शिक्का. मी आवक शिक्का मारला, लाल पेनानं कोपऱ्यात पंधरा लिहिलं आणि पत्र फाईलीला लावलं. नोंदवहीतला बोजा खोडायला साहेबांची सही लागते, आणि साहेब ती गाडी नावावर करतानाच एकदम करायचे. आज तोच दिवस होता.

"किती घेतलेस?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, काय बोलताय?"

"फाईल तुझ्या कपाटात, किल्ली तुझ्या खिशात. परवा संध्याकाळपर्यंत पान समोर आलं नाही, तर निलंबनाचा कागद तयार समज."

खिडकीबाहेर गाडी घेणाऱ्या ताई उभ्या होत्या. त्यांची लाँड्री होती. आयुष्यभराची शिल्लक त्या गाडीत घालून त्यांनी मोठ्या हॉस्पिटलच्या चादरी धुवायचं काम मिळवलं होतं. काम वीस तारखेला सुरू होणार होतं आणि त्याआधी गाडी त्यांच्याच नावावर हवी, अशी हॉस्पिटलची अट होती. आज पंधरा तारीख.

त्यांनी सगळं ऐकलं होतं. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "दादा, ते पान मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. बघितलं म्हणूनच पैसे दिले."

२

आमच्या कचेरीत काही हरवलं की सगळे एकाच दाराकडे बघतात. ते दार तळमजल्यावर, जिन्याखाली आहे आणि त्याच्या मागे रेकॉर्डबाई बसतात.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल. आम्ही फक्त 'बाई' म्हणतो. ठेंगणी मूर्ती, मनगटावर रबरबँडांची चळत, आणि आवाज इतका हळू की समोरच्याला आपोआप पुढं वाकावं लागतं. एकतीस वर्षांत त्यांच्या खोलीतून एक चिटोरं गहाळ झालं नाही. तीन साहेब बदलले, दोनदा रंग लागला, एकदा छत गळलं. बाईंनी छत्री फायलींवर धरली आणि स्वतः भिजल्या, हे मी स्वतः पाहिलंय.

मी फाईल पुढं केली. 

"बस, तीन नंबर," बाई म्हणाल्या. त्या सगळ्यांना खिडकीच्या आकड्यानंच हाक मारतात. "आधी श्वास घे. कागद कुठं पळून जात नाहीत. माणसंच त्यांना घेऊन जातात."

त्यांनी फाईल उघडली नाही. आधी आडवी धरून कडेनं पाहिली. मग टॅगची दोरी जिथून जाते, तिथं चिमट्यानं काहीतरी अलगद ओढलं आणि टेबलावरच्या काचेवर ठेवलं. तांदळाच्या दाण्याएवढा कागदाचा कपटा.

"टॅग सोडून काढलेलं नाही. घाईत ओढून फाडलंय. भोकापाशी एवढंसं राहून गेलं," त्या म्हणाल्या. "हात लावून बघ."

मी चिमटीत धरला. "जाड आहे."

"जाड आहे, गुळगुळीत आहे आणि सायीच्या रंगाचा आहे. करवसुली कार्यालयाचे कागद तू रोज हाताळतोस. कसे असतात?"

"पापडासारखे. पलीकडचं दिसतं."

बाईंनी मान हलवली, कपटा एका पाकिटात घातला आणि ताईंना आत बोलवायला सांगितलं.

"तुम्ही पान पाहिलंत. त्यावर काय होतं, आठवतंय का?"

"आठवायचं कशाला?" ताईंनी पिशवीतून एक वही काढली. "तीन तारखेला आजोबांबरोबर आले, तेव्हा या दादांनी फाईल दाखवली. मी लिहूनच घेतलं. आमच्या धंद्यात लिहिलं नाही तर एकाची पँट दुसऱ्याच्या घरी जाते."

वहीत एकीकडे चादरी आणि उशांचे अभ्रे, आणि दुसरीकडे स्वच्छ अक्षरात पत्राचा जावक क्रमांक, तारीख आणि भरलेली रक्कम. शहाऐंशी हजार चारशे.

बाईंनी वही हातात घेतली. रक्कम वाचली, मग फाईलीतलं पान चौदा वाचलं, मग पुन्हा वही. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी अकरा वर्षांत फार थोड्या वेळा पाहिलं होतं. त्या खूश झाल्या होत्या.

"ताई," त्या म्हणाल्या, "तुमच्यासारखी दोन माणसं मला इथं मिळाली असती, तर मी दहा वर्षं आधी निवृत्त झाले असते."

मग माझ्याकडे वळल्या. "तीन नंबर, तुझं पान चोरीला गेलंय खरं. पण त्याच्या चोरीचं दुःख करू नकोस. असं पान मुळात फाईलीत यायलाच नको होतं."

३

करवसुली कार्यालय दोन रस्ते पलीकडे आहे. जाताना बाई भराभर चालत होत्या आणि मी मागून जवळजवळ धावत होतो.

"बाई, नीट सांगा ना. पान चोरणाऱ्याला काय मिळालं?"

"तोच प्रश्न. तू आणि साहेब सकाळपासून 'कोणी नेलं' यातच अडकलात. मी विचारलं, 'कशाला नेलं?' समज, पत्र खरं होतं. खऱ्या पत्राची एक प्रत आपल्याकडे येते आणि एक कुठं राहते?"

"त्यांच्या कार्यालयात. स्थळप्रत."

"मग आपल्याकडची चोरून कुणाचं काय बिघडलं? दोन दिवसांत दुसरी मिळते. एवढा धोका पत्करून दोन दिवसांचा उशीर कोण विकत घेईल? पण पत्र खोटं असेल, तर जगात त्याची एकच प्रत असते. ती नाहीशी झाली की पुरावाच गेला. ते पान चोरावंसं वाटलं, म्हणजे ते खोटं होतं."

मी रस्त्यातच थांबलो. मागून सायकलवाला शिव्या देत गेला.

"आणि आत्ताच का चोरलं?"

"आपल्या फळ्यावर पाच तारखेला काय लागलं?"

मला आठवलं. मीच खिळा ठोकला होता. पंधरा तारखेपासून बोजा उतरवण्याचं प्रत्येक पत्र करवसुली कार्यालयाकडे पडताळून मगच गाडी नावावर होईल, अशी सूचना. ती वाचून कुणीतरी घाबरलं होतं.

जावक कारकुनानं आधी नाक मुरडलं. लेखी अर्ज करा, आठ दिवसांत उत्तर मिळेल, म्हणाला. बाईंनी त्याच्या टेबलावरच्या विस्कटलेल्या गठ्ठ्याकडे पाहिलं आणि तो तारखेनुसार लावायला घेतला. अर्धा गठ्ठा लागेपर्यंत त्यानं जावक वही स्वतःच उघडली होती.

ताईंच्या वहीतल्या क्रमांकासमोर लिहिलं होतं: मोडक्या खुर्च्या दुरुस्त करण्याबाबत.

आणि बर्फाच्या गाडीचा कर? एक पैसाही भरलेला नव्हता. बोजा जिथल्या तिथं होता, वर दर महिन्याला एक टक्का व्याज चढत होतं.

४

"आता माणूस शोधायचा," बाई म्हणाल्या.

आम्ही त्यांच्या खोलीत परतलो होतो. समोर फायली बघायला देण्याची वही होती. तीन तारखेला ताईंनी पान पाहिलं. त्यानंतर ती फाईल दोनदाच बाहेर आली होती. सहा तारखेला एजंटमामांनी बघितली. आठ तारखेला आजोबा अर्जावरची राहिलेली सही करायला आले. शिवाय रोज, सकाळ-संध्याकाळ, ती माझ्या कपाटात होती.

"म्हणजे तिघं," मी म्हणालो. "मामा, आजोबा आणि मी."

"तू घेतलंस?"

त्यांनी इतकं सरळ विचारलं की मला रागही आला नाही. "नाही, बाई."

"मलाही नाही वाटत. तुला लबाडी करायची असती, तर तू पान चौदाच काढलं असतंस आणि वहीत बोजा खोडल्याची खूण केली असतीस. किल्ली असलेला माणूस खिडकीतून कशाला चढेल? मामांना बोलव."

एजंटमामा आमच्या फाटकाशी टेबल-खुर्ची टाकून बसतात. लोकांचे अर्ज भरतात, रांगेत उभे राहतात आणि त्याबद्दल काय घेतात ते माणूस बघून ठरवतात. शाईच्या पॅडवर आयुष्य गेल्यामुळे त्यांचा उजवा अंगठा कायमचा जांभळा आहे. मामांनीच पैसे देऊन माझ्याकडून हे करवून घेतलं, अशी साहेबांना तर खात्रीच होती.

"बाई, देवाशपथ!" मामा दारातूनच म्हणाले. "मी फक्त बघितलं. लाँड्रीवाल्या ताई माझ्याकडून अर्ज भरून घेतील अशी आशा होती, म्हणून तयारी करत होतो. पान पंधरा होतं तेव्हा. वाचलंही मी."

"आणि काय वाटलं?"

मामा घुटमळले. टोपी काढली, घातली.

"खटकलं. बोजा चढून चार महिने झाल्यावर कर भरला आणि रक्कम तीच? शहाऐंशी हजार चारशे? व्याजाचे साडेतीन हजार कुठं गेले? पण म्हटलं, आपल्याला काय करायचंय. विचारलं कुणी, तर सांगू."

"आणि कुणी विचारलंच नाही."

"फुकट सल्ला कुणाला पचत नाही, बाई."

मामा गेल्यावर मी म्हणालो, "हेच असतील. सगळं माहीत आहे त्यांना."

"सगळं माहीत आहे म्हणूनच ते नाहीत," बाई म्हणाल्या. "मामांनी खोटं पत्र केलं असतं, तर त्यात व्याज रुपयापर्यंत बरोबर असतं. ते एक वेळ खोटा कागद करतील, पण चुकीचा करणार नाहीत. एवढा धंद्याचा अभिमान आहे त्यांना. हे पत्र ज्यानं केलं, त्यानं आयुष्यात कर उशिरा भरलेला नाही. त्याच्याकडे फक्त बोज्याच्या नोटिशीची प्रत होती आणि त्यानं तिच्यावरचा आकडा तसाच उतरवला."

नोटिशीची प्रत फक्त एकाच घरी गेली होती.

५

बर्फवाले आजोबा दुसऱ्या दिवशी सकाळी आले. ताठ कणा, कडक इस्त्रीचा सदरा, हातात काठी. ती टेकायची असते हे त्यांना मान्य नसावं. खुर्ची दिली तरी बसेनात.

"कर मी भरलाय," ते म्हणाले. "मी स्वतः जाऊन भरला. तुमच्या कचेरीनं कागद हरवला, तर तो दोष माझा नाही."

"बरोबर आहे, आजोबा," बाई म्हणाल्या. "व्याज किती पडलं?"

"कसलं व्याज?"

 आजोबांनी काठीची मूठ घट्ट धरली. काहीतरी चुकलं हे त्यांना कळलं होतं, काय चुकलं ते मात्र कळलं नव्हतं.

बाईंनी पुढं काही विचारलं नाही. एक कोरा अर्ज त्यांच्यासमोर सरकवला. "एवढी सही करा."

आजोबांनी पेन घेतलं, कागदावर वाकले, डोळे बारीक केले. "कुठं करू?"

बाईंनी त्यांचं बोट हलकेच रेघेवर ठेवलं. सही वाकडीतिकडी, ओळ सोडून खाली गेली. मग बाईंनी फायली बघण्याची वही उघडली. आठ तारखेच्या ओळीत सही तशीच, वेडीवाकडी. पण त्याआधीचा मजकूर, म्हणजे नाव, गाडीचा नंबर, वेळ, हे सगळं एकसारख्या टपोऱ्या अक्षरात होतं. प्रत्येक अक्षराला जणू मोजून जागा दिलेली.

"आजोबा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्हाला एवढं बारीक दिसतच नाही. त्या दिवशी तुमच्याबरोबर कोण होतं?"

आजोबांनी वही दूर सारली.

"कर भरायला पैसे कुणाकडे दिले होते?"

त्यांचा ताठ कणा पहिल्यांदा थोडा वाकला. त्यांनी खुर्ची चाचपली आणि बसले. 

"मला एकच मुलगी आहे," ते म्हणाले. "बाकी तुम्ही काहीही विचारा, माझं उत्तर तेच राहील. कर मी भरला."

आणि उठून चालू लागले. दारात काठी अडखळली. मी धरायला गेलो, तर त्यांनी हात झटकला.

"पाहिलंस?" बाई हळूच म्हणाल्या. "स्वतःवर बालंट घेऊन चाललेत. अशी माणसं हल्ली फायलीतसुद्धा सापडत नाहीत."

मग माझ्याकडे नजर रोखून विचारलं, "आठ तारखेला फाईल त्यांना दिलीस, तेव्हा तू कुठं होतास?"

मला खोटं बोलता आलं असतं. "खिडकीत रांग होती. फाईल आणि वही बाजूच्या टेबलावर ठेवली आणि पाठ फिरवली. बरोबर कुणी होतं का, तेही पाहिलं नाही."

"हं," बाई म्हणाल्या आणि आपल्या वहीत काहीतरी लिहिलं.

६

आजोबांच्या एकुलत्या एक जावयाचा छापखाना होता. सतरा तारखेला सकाळी आम्ही तिथं गेलो. आमंत्रणपत्रिका, भेटकार्डं, दुकानांच्या पाट्या. बाहेर काचेत नमुने लावले होते. जाड, गुळगुळीत, सायीच्या रंगाचे कागद.

मी तिथंच थबकलो. बाई मात्र गिऱ्हाइकासारख्या आत गेल्या.

जावई पस्तिशीचा, मऊ बोलणारा, बोटांना शाई. मागं नवं कोरं छपाईयंत्र उभं होतं, त्याच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा पूर्ण निघालेलं नव्हतं. बाईंनी भेटकार्डं छापायला दिली, पन्नास. शाईचा रंग निवडला. आगाऊ रक्कम दिली आणि पावती मागितली.

त्यानं पावती लिहिली. बाईंनी ती वाचली आणि पिशवीतून फायली बघण्याच्या वहीतल्या त्या पानाची छायाप्रत काढून शेजारी ठेवली.

तीच टपोरी अक्षरं. तीच मोजलेली जागा.

मग त्यांनी पाकिटातला कपटा काढला आणि काउंटरवरच्या कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवला. तो जवळजवळ दिसेनासा झाला.

"बाळा," बाई म्हणाल्या. आवाजात ना धमकी, ना राग. "तुझ्या सासऱ्यांनी काल रात्री जेवण केलं नसणार. ते अजून सांगतायत की कर त्यांनी भरला. उद्या साहेबांनी तक्रार केली, की खोटा कागद दाखल केल्याबद्दल पोलीस त्यांना नेतील, कारण पत्र त्यांच्या हातानं दिलं गेलंय. ते तुझं नाव सांगणार नाहीत. हे तुलाही माहीत आहे आणि मलाही."

जावयानं पेन खाली ठेवलं. मग एकदम सगळं बाहेर आलं. यंत्राचा हप्ता तुंबला होता, ते ओढून न्यायची वेळ आली होती. सासऱ्यांनी विश्वासानं कराचे पैसे हातात दिले. दोन महिन्यांत फिरवून भरू, असं त्यानं स्वतःलाच सांगितलं आणि तोवर पत्र छापून दिलं. शिक्का करायला त्याला अर्धा तास लागला. गाडी इतक्या लवकर विकली जाईल असं त्याला वाटलंच नव्हतं. सासऱ्यांना सहीसाठी घेऊन आला तेव्हा फळ्यावरची सूचना वाचली, आणि पुढं फाईल उघडीच पडलेली दिसली.

"आणि ते पान?" मी विचारलं. माझं सगळं नशीब त्या उत्तरात होतं.

"जाळून टाकलं," तो म्हणाला.

"नाही जाळलं."

आतल्या दारात एक स्त्री उभी होती. आजोबांची मुलगी. तोच ताठ कणा. ती किती वेळ तिथं उभी होती कोण जाणे. तिच्या हातात दुमडलेला सायीच्या रंगाचा कागद होता. वरच्या कोपऱ्यात माझ्या लाल पेनानं लिहिलेला पंधरा.

"चार दिवसांपूर्वी यांच्या कपाटात सापडलं," ती म्हणाली. "तेव्हापासून वाट बघतेय, हे स्वतः सांगतील म्हणून." ती नवऱ्याकडे वळली. "माझ्या वडिलांना चोर ठरवून आपलं यंत्र चालणार नाही. शर्ट बदला. आपण कचेरीत जातोय. मी येते बरोबर."

हे बोलताना तिचा आवाज एकदाही चढला नाही. रस्त्यावर आल्यावर बाई मला म्हणाल्या, "यंत्र त्याचं असेल, पण तो छापखाना उभा आहे या मुलीवर."

७

साहेबांच्या खोलीत आम्ही सगळे दाटीवाटीनं उभे होतो. जावयानं सगळं लिहून दिलं आणि सही केली. साहेब एकदा कागदाकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. मला 'किती घेतलेस' विचारलेलं त्यांना आठवत असावं, कारण त्यांनी मला बसायला सांगितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

आजोबांना बोलावलं होतं. ते जावयाशी काही बोलले नाहीत. मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि थेट ताईंसमोर जाऊन उभे राहिले.

"बाळ, मी तुला फसवलं. माहीत नव्हतं तेव्हाही फसवलं, आणि कळायला लागल्यावर गप्प बसूनही फसवलं. तुझे पैसे बँकेत जसेच्या तसे आहेत. हवे तर सगळे परत घे. गाडी हवी असेल, तर त्यातून आज कर भरतो, व्याजासकट."

ताईंनी क्षणभरही विचार केला नाही. "मला गाडीच हवी, आजोबा. आतून पत्रा मारलेली दुसरी गाडी कुठं मिळणार? ओल्या चादरींना तीच लागते." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि चला, मी येते तुमच्याबरोबर. पावती मी वाचून दाखवीन."

एक्क्याण्णव हजार पाचशे चौऱ्याऐंशी. आजोबा आणि ताई दोघं करवसुली कार्यालयाच्या रांगेत उभे राहिले. जावक कारकुनानं बाईंना दारात पाहिलं आणि बोजा उतरवण्याचं पत्र दुसऱ्याच दिवशी दुपारी तयार ठेवलं. पापडासारख्या कागदावर, स्थळप्रतीसह. मी त्याच्यावर लाल पेनानं सतरा लिहिलं. साहेबांनी नोंदवहीतला बोजा खोडला, आणि अठरा तारखेला गाडी ताईंच्या नावावर झाली. वीसला पहाटे ती हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी उभी होती.

जावयावर खटला झाला. स्वतःहून हजर राहिला, कागद परत केला, हे कोर्टानं लक्षात घेतलं आणि दंडावर निभावलं. छापखान्याचे व्यवहार आता आजोबांची मुलगी बघते. सासऱ्यांचे पैसे ती दर महिन्याला फेडते, आणि आजोबा नको नको म्हणत ते मोजून घेतात.

या सगळ्याचा अहवाल साहेबांनी बाईंनाच लिहायला सांगितला. चार पानांचा. मी पान चोरलेलं नाही, हे त्यांनी इतक्या स्पष्टपणे मांडलं होतं की वाचताना माझे डोळे भरून आले. खाली शेवटचा परिच्छेद होता: खिडकी क्रमांक तीनच्या कारकुनानं आठ तारखेला फाईल नजरेआड सोडली, त्यामुळे पान काढणं शक्य झालं, त्यास लेखी ताकीद द्यावी.

मी अहवाल घेऊन जिन्याखाली गेलो. "बाई, हेही लिहिलंत?"

"झालं होतं ना?"

"झालं होतं."

"मग?" त्या म्हणाल्या आणि मनगटावरचा एक रबरबँड काढून पुढच्या गठ्ठ्याला लावला.

ती ताकीद माझ्या सेवापुस्तकात आहे, बाईंच्या अहवालाचं शेवटचं पान तिला जोडलेलं. तिच्यामुळे एक वेतनवाढ पुढं गेली, बायको महिनाभर कुरकुरली. तरी कुणी या कचेरीतल्या माझ्या नोकरीबद्दल विचारलं, की मी सेवापुस्तक काढून आधी तेच पान दाखवतो. खाली बाईंची सही आहे.